वीस टक्के इथेनॉल आणि मालवणची होडी

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय ग्राहकास मिळावा अशी मागणी करणारी जनहित याचिका फेटाळून लावली आणि सरकारच्या लेखी हा विषय संपला. याचिकेतील मागणी फार मोठी होती असे नव्हे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळावयाचे तर खुशाल मिसळावे. परंतु ज्यांची वाहने या मिश्रणासाठी बनविलेलीच नाहीत त्यांच्यासाठी बिनमिश्रणाचे पेट्रोल ठेवावे आणि पंपावर मिश्रणाचे प्रमाण ठळकपणे लिहावे, असा तिचा आशय होता. सरकारतर्फे उत्तर देण्यात आले ते असे, की या धोरणाचा लाभ ऊस उत्पादकाला होतो आणि याचिकेमागे हितसंबंधीयांची मोठी फळी उभी आहे. पुढे थोड्याच दिवसांत केंद्रीय परिवहनमंत्री नितीन गडकरी यांनीही या मिश्रणाविरुद्धची ओरड म्हणजे पैसे देऊन चालविलेली मोहीम असल्याचे सांगून टाकले.

ओरड करणाऱ्यांत मोटारमालकांचा भरणा होता, हे मान्य करावयास हवे. मोटारीचे ‘मायलेज’ किती घटले, विमा कंपनी दावा नाकारील काय, दुय्यम बाजारात गाडीची किंमत उतरेल काय, हे प्रश्न ज्यांच्या दारात मोटार आहे त्यांचे प्रश्न होत. त्यामुळे सर्वसामान्य माणसाने या वादाकडे श्रीमंतांचे रडगाणे म्हणून पाहिले तर नवल नाही. पण पेट्रोल हे मोटारवाल्यांचे इंधन आहे ही समजूतच मुळात खोटी आहे. तेल मंत्रालयाच्या नियोजन व विश्लेषण कक्षाने २०१३-१४ मध्ये करवून घेतलेल्या पाहणीनुसार देशातील ६१ टक्क्यांहून अधिक पेट्रोल दुचाकींमध्ये जळत होते आणि मोटारींचा वाटा सुमारे ३४ टक्के होता. पेट्रोलचा खरा ग्राहक दूध घालणारा, पोस्टमन, गवंडी, शाळामास्तर आणि मासळीची टोपली मागे बांधून आठवड्याच्या बाजाराला जाणारा विक्रेता हा आहे. आणि सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या १२१ किलोमीटर किनाऱ्यावर या यादीत आणखी एकाची भर घालावी लागते. तो म्हणजे बाहेरून बसविलेल्या पेट्रोल इंजिनावर होडी हाकणारा लहान मच्छीमार. दिल्लीतील एकाही निवेदनात त्याचा उल्लेख आढळत नाही.

विजयदुर्गापासून देवगड, आचरा, सर्जेकोट, दांडी, देवबाग, निवती, वेंगुर्ले असा किनारा पाहत गेले तर मासेमारीचे दोन वर्ग स्वच्छ दिसतात. एकीकडे ट्रॉलर आणि पर्ससीन नौका, ज्यांचे मोठे इंजिन बोटीच्या पोटात असते व ते डिझेलवर चालते. दुसरीकडे फायबरच्या वा लाकडी लहान होड्या, ज्यांच्या मागच्या फळीवर ‘आउटबोर्ड’ इंजिन अडकविलेले असते. या इंजिनाला कॅनमधून आणलेले पेट्रोल लागते. मालवणात पर्यटकांना घेऊन सिंधुदुर्ग किल्ल्याकडे वा देवबागच्या संगमाकडे जाणाऱ्या होड्याही प्रायः याच प्रकारच्या. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनधारक यांचा झगडा या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे चालू आहे व तो येथे उगाळण्याचे कारण नाही. मात्र इंधनाच्या बाबतीत हे दोन वर्ग कसे वेगळे पडले हे पाहण्यासारखे आहे. इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते, डिझेलमध्ये नाही. म्हणजे मोठ्या नौकेच्या टाकीला या धोरणाचा स्पर्शही झालेला नाही. राज्य शासन मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत मूल्यवर्धित कराचा परतावा देते, तोही डिझेलवर. पेट्रोलच्या होडीला परतावा राहिला बाजूलाच, उलट तिच्या इंधनातला पाचवा हिस्सा कोणासही न विचारता बदलला गेला.

हा बदल होडीला का मानवत नाही, हे समजण्यास रसायनशास्त्राचे फार ज्ञान लागत नाही. इथेनॉल पाणी ओढून घेते, पेट्रोल घेत नाही. मिश्रणात थोडे पाणी शिरले तर ते इथेनॉलच्या आधाराने विरघळलेले राहते, पण प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की दोन थर पडतात. इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात आणि वर उरते ते इथेनॉल गमावलेले पेट्रोल. इंजिनाकडे जाणारी नळी टाकीच्या तळातून इंधन उचलते. म्हणजे दोरी ओढल्याबरोबर इंजिनाच्या घशात प्रथम जाते ते हे पाणीच. इंजिन दोन फेऱ्यांचे, ज्याला टू-स्ट्रोक म्हणतात तसे, असेल आणि वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असेल, तर गोष्ट आणखी बिकट होते. तेल वरच्या थरात राहते, तळच्या थरात नाही. इंजिन बंद पडण्याऐवजी कोरडे फिरले तर दट्ट्या धरून बसतो आणि दुरुस्तीचा खर्च हंगामाची कमाई खातो.

सरकारी तज्ज्ञ यावर सांगतील की दहा टक्क्यांच्या मिश्रणापेक्षा वीस टक्क्यांचे मिश्रण थर न पडता अधिक पाणी पचवू शकते. हे खरे आहे. पण शहरातील मोटारीची बंद टाकी आणि होडीतील हवेच्या छिद्राची टाकी यांत अंतर आहे. सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणारा हा जिल्हा. त्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी आणि समुद्र खऱ्या अर्थाने मोकळा होतो तो नारळी पौर्णिमेनंतर. दोन-अडीच महिने होडी झापाखाली, इंजिन पडवीत आणि टाकीत उरलेले चार-पाच लिटर पेट्रोल दमट हवेत. मोटार दररोज टाकी रिकामी करते आणि भरते. होडीचे तसे नाही. शिवाय लाटेचे उडालेले खारे पाणी टाकीत शिरू नये म्हणून कितीही जपले तरी ते शिरतेच. थर पडण्याची वेळ आली नाही तरी जुन्या इंजिनाच्या रबरी नळ्या व वॉशर फुगणे, चिरणे, कार्ब्युरेटरच्या वाटीत पांढरा गंज धरणे, हे इथेनॉलचे नेहमीचे उपद्रव आहेतच. रस्त्यावर गाडी बंद पडली तर ढकलत नेता येते. किनाऱ्यापासून पाच-सहा मैलांवर, वारा फिरलेला असताना इंजिन बंद पडले, तर त्या प्रसंगाला ‘मायलेज घटणे’ हा शब्द लावता येणार नाही.

याविषयी परदेशात काय समजले जाते हेही पाहावे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पंधरा टक्के मिश्रणास परवानगी दिली तेव्हा २००१ व त्यानंतरच्या मोटारींपुरतीच दिली. बोटी, मोटरसायकली व इतर लहान इंजिने यांत ते घालण्यास मनाई केली. म्हणजे ऊस नव्हे तर मक्याच्या राजकारणावर इथेनॉल उभे करणाऱ्या त्या देशातही पंधरा टक्के बोटीला वर्ज्य आहे. बहुतेक आउटबोर्ड उत्पादकांच्या पुस्तिकांतही दहा टक्क्यांची मर्यादा घातलेली आढळते. भारतात वीस टक्के सक्तीचे करताना या पुस्तिका कोणी उघडून पाहिल्याचे दिसत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये तेल मंत्रालयाने दिलेल्या खुलाशात म्हटले होते की जुन्या वाहनांतील काही रबरी भाग व गॅस्केट २०,००० ते ३०,००० किलोमीटर चालल्यावर बदलावे लागतील व तो खर्च किरकोळ आहे. आउटबोर्ड इंजिनाला किलोमीटर मोजण्याचे यंत्र नसते, ही गोष्ट सोडून देऊ. पण किरकोळ कोणाच्या दृष्टीने?

येथपर्यंतचे विवेचन वाचून कोणी असा निष्कर्ष काढू नये की इथेनॉल ही वस्तूच त्याज्य आहे. खनिज तेलासाठी बाहेर जाणारा पैसा वाचावा, साखरेचे उत्पादन जास्त झालेल्या वर्षी ऊसउत्पादकाचे थकीत बिल निघावे, हे हेतू चांगले आहेत. मळीपासून काढलेले अल्कोहोल इंधनात घालण्याची कल्पनाही नवी नाही. त्यासाठी १९४८ साली केंद्राने स्वतंत्र कायदाच केला होता, जो पुढे २००० साली रद्द झाला. त्यानंतरचे प्रयोग २००१ साली सुरू झाले, त्यांतील दोन, मिरज व मनमाडचे, महाराष्ट्रातीलच. २००३ पासून पाच टक्क्यांचा कार्यक्रम आला आणि बराच काळ कागदावर राहिला. २०१३-१४ मध्ये प्रत्यक्ष मिश्रण दीड टक्क्याच्या आसपास होते. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत वीस टक्के गाठण्याचे ठरविले. मग ते उद्दिष्ट पाच वर्षे अलीकडे ओढण्यात आले. दहा टक्के जून २०२२ मध्ये आणि वीस टक्के २०२५ मध्ये गाठले गेले. दीर्घकाळचे रखडणे व नंतर तीन वर्षांत दुप्पट, या धावपळीत जे सुटले ते बेफिकिरीने सुटले असे म्हणण्यास मात्र जागा नाही, कारण काय सुटता कामा नये हे सरकारच्या स्वतःच्या समितीने लिहून ठेवले होते.

नीती आयोगाने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला इथेनॉल मिश्रणाचा आराखडा आजही वाचावा असा आहे. त्यात म्हटले आहे की बिनमिश्रित पेट्रोलसाठी आखलेल्या व दहा टक्क्यांसाठी जुळविलेल्या चारचाकीची इंधनक्षमता वीस टक्क्यांवर ६ ते ७ टक्क्यांनी आणि तशाच दुचाकीची ३ ते ४ टक्क्यांनी घटेल. वीस टक्के मिश्रणाला टिकणाऱ्या घटकांची वाहने एप्रिल २०२३ पासून आणि त्यासाठी जुळविलेल्या इंजिनांची वाहने एप्रिल २०२५ पासून यावीत. जुन्या वाहनांसाठी दहा टक्क्यांचे पेट्रोल संरक्षक इंधन म्हणून चालू ठेवावे. आणि इथेनॉलची उष्णताशक्ती पेट्रोलहून सुमारे एकतृतीयांशाने कमी असल्यामुळे अशा इंधनाचा किरकोळ दर साध्या पेट्रोलहून कमी ठेवावा. यातील मिश्रणाचे कलम तेवढे अमलात आले. संरक्षक इंधन पंपावरून नाहीसे झाले आणि दर एका पैशानेही उतरला नाही. उलट एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने पेट्रोलवरील उत्पादनशुल्क लिटरमागे दोन रुपयांनी वाढविले. खनिज तेल उतरले होते म्हणून पंपावरील दरात ती वाढ दिसली नाही, एवढेच. जे स्वस्त व्हावयाचे ते झाले नाही.

या हिशेबाचा अर्थ आकड्यात पाहावा. दररोज एक लिटर पेट्रोल जाळणारा दुचाकीस्वार वर्षातून तीनशे दिवस गाडी चालवीत असेल, तर चार टक्क्यांनी त्याला बारा लिटर अधिक लागतात. लिटरचा दर शंभराच्या वर असताना ही रक्कम बाराशे रुपयांच्या पुढे जाते. होडीचे गणित असे. दहा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर गेल्याने लिटरमागे उष्णता सुमारे साडेतीन टक्के घटते. एका फेरीला वीस लिटर आणि हंगामात दोनशे फेऱ्या धरल्या तर चार हजार लिटरांमागे एकशे चाळीस लिटरांचा, म्हणजे चौदा हजारांहून अधिक रुपयांचा खड्डा. इंजिनाची दुरुस्ती यात धरलेली नाही. हा कर नव्हे, कारण तो विधिमंडळाने वा संसदेने बसविलेला नाही. तो अंदाजपत्रकात दिसत नाही, त्याची पावती मिळत नाही आणि त्यातून सूट मागण्यासाठी अर्ज करावयाचे कार्यालयही अस्तित्वात नाही. मात्र तो वसूल होतो.

दर का उतरविला नाही, याला मंत्रालयाने दिलेले उत्तर प्रामाणिक होते. २०२०-२१ मध्ये इथेनॉल पेट्रोलहून स्वस्त होते, आता तसे राहिलेले नाही. ३१ जुलै २०२५ पर्यंतची खरेदीची सरासरी किंमत वाहतूक व वस्तू-सेवा करासह लिटरला ७१ रुपये ३२ पैसे पडली व ती शुद्ध केलेल्या पेट्रोलच्या खर्चापेक्षा अधिक आहे, असे त्यात म्हटले होते. म्हणजे शक्ती एकतृतीयांश कमी आणि किंमत अधिक. बाजारात असा माल कोणी आपणहून घेणार नाही. तो खपतो याचे कारण ग्राहकाला दुसरा मालच नाही. ज्या ब्राझीलचा दाखला आपले मंत्री उठताबसता देतात तेथे १९७५ पासून हा कार्यक्रम चालू आहे आणि ऑगस्ट २०२५ पासून पेट्रोलमध्ये तीस टक्के इथेनॉल आहे. पण तेथे २००३ पासून कोणतेही प्रमाण चालवून घेणाऱ्या मोटारी सर्रास झाल्या, पंपावर शेजारीच निव्वळ इथेनॉल स्वतंत्र दराने मिळते आणि त्याचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तरच लोक ते घेतात. तेथील सामान्य चालकास हा हिशेब तोंडपाठ असतो. आपल्याकडे तो हिशेब करण्याची संधीच काढून घेतलेली आहे. २०२५ मध्ये इथेनॉलविरहित पेट्रोल हवे असलेल्यास महानगरांतील निवडक पंपांवर शंभर ऑक्टेनचे महाग पेट्रोल मिळत होते, लिटरला दीडशे रुपयांच्या पुढे. पर्याय होता तो असा, आणि तोही ज्याला परवडेल त्याला.

आता ज्याच्या नावाने हा भुर्दंड घेतला जातो त्या ऊस उत्पादकाकडे वळू. सिंधुदुर्गात साखर कारखाना नाही; वैभववाडीकडचा ऊस घाट चढून गगनबावड्याच्या बाजूस जातो. त्यामुळे कोकणच्या माणसाने कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याचे हित पाहू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु डिसेंबर २०२३ मध्ये साखर महाग होण्याच्या भीतीने केंद्राने एका आदेशाने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास बंदी घातली, आठवड्याभरात ती अंशतः सैल केली आणि ऑगस्ट २०२४ अखेर उठविली. कर्ज काढून आसवन्या उभारलेल्या सहकारी कारखान्यांची त्यात जी अवस्था झाली ती महाराष्ट्राने पाहिली आहे. पुढे धान्याच्या आसवन्या उभ्या राहिल्या. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांकडे १,७७६ कोटी लिटरांचे देकार आले आणि त्यांनी सुमारे १,०४८ कोटी लिटर घेण्याचे ठरविले. त्यात उसाचा वाटा जेमतेम २८ टक्के, बाकी मका व तांदूळ. जो कार्यक्रम ऊस उत्पादकाच्या नावे न्यायालयात समर्थिला गेला, त्यात तो अल्पसंख्य झालेला आहे.

तांदळाचा उल्लेख झाला म्हणून थोडे थांबावयास हवे, कारण हा भात खाणारा जिल्हा आहे. २०२४-२५ साठी साध्या भाताचा आधारभूत दर क्विंटलला २,३०० रुपये होता. भारतीय अन्न महामंडळाने आसवन्यांना तांदूळ दिला तो २,२५० रुपये क्विंटलने. भरडून, वाहून, साठवून तयार झालेला तांदूळ साळीसकटच्या भातापेक्षा स्वस्त! महामंडळाला तो किलोमागे चाळीस रुपयांच्या आसपास पडतो. त्या वर्षी असा ५२ लाख टन तांदूळ इथेनॉलसाठी ठरविण्यात आला. किलोमागे सतरा-अठरा रुपयांची ही सवलत अन्नअनुदानाच्या खात्यातून जाते, पण ती आसवनीच्या नफ्यात जमा होते. पेट्रोल भरणारा एकदा पंपावर देतो आणि दुसऱ्यांदा करदाता म्हणून देतो. मक्याची कथाही अशीच आहे. वर्षानुवर्षे मका निर्यात करणारा देश २०२४ मध्ये आयात करू लागला आणि कोंबड्यांचे खाद्य महागल्याची तक्रार कुक्कुटपालकांनी केली. खनिज तेलावरचे परकीय चलन वाचविण्यासाठी मका परदेशातून आणणे, यात काही विसंगती आहे असे वाटण्यासाठी अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

सिंधुदुर्गाकडून कधी कधी अशी सूचना येते की आमच्या काजूच्या बोंडांचे इथेनॉल करा. काजूबीच्या आठ-दहा पट वजनाचे बोंडू येथे झाडाखाली कुजते. गोव्यात त्याची फेणी होते आणि तिला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. सूचना आकर्षक आहे, पण फार टिकणारी नाही. बोंडू दुसऱ्या दिवशी आंबते, हंगाम दोन-तीन महिन्यांचा, बागा डोंगरउतारावर विखुरलेल्या. मोठ्या आसवनीला ते गोळा करणे परवडणार नाही आणि केंद्राच्या खरेदीदरांच्या तक्त्यात त्याला स्थानही नाही. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने काजूच्या जाती दिल्या तसे बोंडाचे सरबत वा मद्य गावपातळीवर कसे विकता येईल याचा विचार झाला तर बागायतदाराच्या हाती चार पैसे पडतील. ते इंधन म्हणून जाळावे यात शहाणपण नाही.

प्रश्न होडीचा आहे आणि तो सोडविण्यास राष्ट्रीय धोरण उलटे फिरविण्याची गरज नाही. देवगड, मालवण आणि वेंगुर्ले या तीन किनारी तालुक्यांत प्रत्येकी एका पंपावर, अथवा जेथे मच्छीमार सहकारी संस्था स्वतःचा डिझेलपंप चालविते तेथे, बिनमिश्रणाच्या वा निदान दहा टक्क्यांच्या पेट्रोलची एक स्वतंत्र टाकी ठेवावी लागेल. हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे असे तेल कंपन्यांनी सांगू नये. निरनिराळ्या नावांची चढ्या दराची पेट्रोले त्या वेगळ्या टाक्यांतूनच विकत आलेल्या आहेत. मत्स्यव्यवसाय खात्याकडे नौकांची नोंदणी आहे, म्हणजे हे पेट्रोल कोणाला द्यावयाचे हे ठरविण्यासाठी नवी यंत्रणा नको. राज्य शासनाने डिझेलप्रमाणे पेट्रोलवरही मूल्यवर्धित कराचा परतावा लहान होड्यांना द्यावा. खर्च अल्प आहे, कारण या होड्यांचा एकूण खप राज्याच्या पेट्रोल विक्रीपुढे नगण्य आहे. वीस टक्क्यांच्या पुढे जाण्याच्या ज्या गोष्टी सरकारी गोटातून ऐकू येतात, त्याआधी सागरी इंजिनांवर या मिश्रणाचा काय परिणाम होतो याची कोकणातच, पावसाळ्यात, साठवलेल्या इंधनावर चाचणी होऊन तिचा अहवाल मराठीतून प्रसिद्ध व्हावयास हवा. आणि पंपावर मिश्रणाची टक्केवारी लिहिलेला फलक तर उद्या सकाळीही लावता येईल.

हे सर्व नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात लोटल्यावर मागून उपयोग नाही. बंदीच्या काळात इंजिने खोलली जातात, नळ्या बदलल्या जातात, टाक्या धुतल्या जातात. संस्थांच्या वार्षिक सभांची गडबडही त्या सुमारासच सुरू होते. इंधनाची मागणी या सभांच्या ठरावांत येऊन ३१ जुलैपूर्वी जिल्हाधिकाऱ्यांच्या व तेल कंपन्यांच्या विभागीय कार्यालयांच्या टेबलावर पडली पाहिजे.